दादाने दाबलेलं पेडल

समजा, तुम्ही उघड्या बॉनेटवर वाकला आहात. हातात मल्टिमीटर, समोर थ्रॉटलला, म्हणजे पेडल दाबलं की उघडणाऱ्या इंजिनाच्या हवेच्या झडपेला, चिकटलेला काडेपेटीएवढा सेन्सर. त्याला तीन तारा. एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची, आणि तिसरी थ्रॉटल किती उघडलाय ते इंजिनाला पेट्रोल मोजून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला कळवणारी. पाच व्होल्ट चुकून तिसरीवर दिलेत तर सेन्सर जळेल, कदाचित दोन वर्षं खपून घरी बनवलेला बोर्डही. म्हणून जोडण्याआधी दोनदा मोजायचं.

या गॅरेजातला वायरमन तीनदा मोजतो. म्हणून सगळे त्याला मीटर म्हणतात. गाड्यांच्या वायरिंगचं काम करता करता त्याची पन्नाशी उलटली. गॅरेज दोघा भावांचं: इंजिन दादाचं, तारा मीटरच्या. घरच्या जुन्या गाडीचा कार्बुरेटर काढून हा बोर्ड बसवायचा, ही कल्पना मीटरची. दादा आधी हसला होता. "इंजिनाला नाडी बघणारा वैद्य लागतो रे, कारकून कशाला?" मग स्वतःच बाह्या सरसावून पुढे झाला.

दादाला जाऊन आठ महिने झाले. अंगणात उभ्या गाडीच्या तारा उंदरांनी कुरतडल्या. परवा वहिनी म्हणाली, "भावजी, रविवारी चालू झाली तर ठेवू. नाही तर सोमवारी भंगारवाला येतोय. रोज तिच्याकडे बघत कपडे वाळत घालणं मला जमत नाही."

रविवारी सकाळी मीटरने नव्या तारा सोल्डर केल्या. उरलं एकच काम: थ्रॉटल पूर्ण बंद असताना आणि पूर्ण उघडा असताना सेन्सर कोणता आकडा देतो, ते बोर्डाला शिकवायचं. त्याला माणसं दोन लागतात. एक पेडलवर, एक लॅपटॉपवर.

"वहिनी, आत बसा. मी सांगेन तेव्हा पेडल दाबायचं."

"मला गाडी येत नाही."

"चालवायची कुठे आहे? नुसतं दाबायचं."

बंद थ्रॉटलला आकडा आला एक्केचाळीस. जुन्या नोंदीतही एक्केचाळीसच होता. जोडणी बरोबर होती. मीटरच्या जिवात जीव आला.

"आता पूर्ण दाबा."

दोनशे एकतीस. जुनी नोंद होती एकशे सत्त्याण्णव.

सेन्सर तोच, थ्रॉटल तोच. अर्थिंगची तार सैल असेल म्हणून त्याने ती काढली, घासली, मोजली. तीनदा. पुन्हा दोनशे एकतीस.

"माझं काही चुकतंय का?"

"नाही. हळूहळू सोडा... अजून... थांबा!"

एकशे सत्त्याण्णव. मीटर उठला आणि दारातून आत वाकला. वहिनीच्या चपलेखाली पेडल आणि फरशीच्या मध्ये बोटभर जागा होती.

दीड वर्षापूर्वी त्याच सीटवर दादा होता. मीटर असाच लॅपटॉपवर.

"दाबलंस?"

"दाबलं."

"पूर्ण?"

"अरे, पूर्ण म्हणजे पूर्ण! आता काय पाय गाडीखालून बाहेर काढू?"

दोघेही हसले होते. मीटरने स्क्रीनवरून नजर न हलवता बटण दाबलं होतं. त्यानंतर पाच महिन्यांनी दादा गॅरेजच्या पायरीवर पडला. नसांचा आजार निघाला. पायातून सुरू होऊन वर चढत गेलेला. कधीपासून, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा दादा म्हणाला होता, "परवापासून."

"भावजी, काय झालं? तोंड का असं?"

"काही नाही. उंदरांनी जरा जास्तच खाल्लंय."

वहिनीने पेडल पुन्हा तळाला नेलं. मीटरचं बोट बटणावर थांबलं. जुना आकडा जपून ठेवला, तर बोर्ड बोटभर आधीच थ्रॉटल पूर्ण उघडल्याचं मानत राहणार होता. आकडा चूक होता, पण दादाच्या पायाचा होता. चूक मोजमाप त्याने आजवर कुठल्याच गाडीत राहू दिलेलं नव्हतं. त्याने दोनशे एकतीस नोंदवला.

किल्ली वहिनीनेच फिरवली. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आवाज तोच आहे हो. सोमवारचं कळवून टाका, येऊ नकोस म्हणून."

मीटरने मान डोलावली, बॉनेट लावलं. गाडी राहिली. आता सर्व्हिसिंगला ती समोर आली की तो आधी पेडलपाशी वाकतो, खाली एक बोट धरून बघतो आणि मनात तेच विचारतो: दादा, पाय तळाला टेकलाय असं तुला खरंच वाटलं होतं, की मी वर बघणार नाही हे तुला ठाऊक होतं?