डॉर्कसच्या गालांचा रंग

डॉर्कस थर्केटल पहाटे पाचला पाट्याशी बसे. धाकटा भाऊ जोसाया चित्रकार. त्याचे रंग ती जवसाच्या तेलात घोटून द्यायची आणि घोटण्याची मजुरी घ्यायची. इंग्लंडातल्या नॉर्विचला त्यांच्या घरी मी चित्रांच्या चौकटी बनवत होतो. वीस वर्षांत तिचा हात मध्येच थांबलेला मी एकदाच पाहिला.

त्या काळी चित्रकाराच्या बैठकीच्या खोलीत घरच्याच कुणाचं चित्र टांगलेलं असे आणि गिऱ्हाइकाला दारही तेच माणूस उघडे. चित्राकडे, मग माणसाकडे बघून गिऱ्हाईक कारागिराची परीक्षा करी. जोसायाच्या बैठकीत तीन वर्षं डॉर्कसचं चित्र होतं, खिडकीसमोर.

त्या दिवशी दहाला लोकरव्यापाऱ्याची बायको रॅनसनबाई येणार होती. पाच मुलींची पाच चित्रं. हे काम गेलं तर घर मोडणार होतं. जोसाया लंडनला जाणार, दुसऱ्याच्या चित्रांतले कपडे रंगवायला. डॉर्कस कुणाच्या तरी स्वयंपाकघरात राबणार.

आठला मी तिच्या चित्राची चौकट पुसायला काढली. चौकटीच्या कडेखाली झाकलेली शालीची पट्टी लालभडक होती. बाकीची शाल फिकट, आणि गाल राखेसारखे. रोज बघून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी हाक मारली. डॉर्कसचा हात थांबला तो तेव्हा.

जोसायाने किड्यांपासून काढलेला किरमिजी रंग वापरला होता. पहिल्या दिवशी झळकतो, उजेडात उडतो. हिंगूळ वापर, तो लाल उडत नाही, असं तिने तेव्हाच बजावलं होतं. आता नवा हात द्यावा तर तेल दहापर्यंत वाळणार नव्हतं. जोसाया केसांना लावायच्या पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊन आला.

"ताई, चित्र बदलता येत नाही. तू बदल."

"चूक तुझी आणि तोंड माझं रंगवायचं?"

पण तिने गाल पांढरे केले.

रॅनसनबाई आली. चित्र पाहिलं, डॉर्कसला पाहिलं, पुन्हा चित्र.  बाई म्हणाली, हुबेहूब आहे. मग खुर्चीत बसली आणि सांगू लागली की थोरली लग्न होऊन समुद्रापार चालली आहे. तिचे गाल फार लाल आहेत. तेवढा रंग तरी घरात राहावा. जोसाया मान डोलावत होता.

डॉर्कसने बाहीने गाल पुसला. खसखसून.

"बाईसाहेब, माझा रंग हा असा आहे. चित्रातलाही असाच होता. तो उडाला. तुमच्या लेकीचाही उडेल."

जोसाया भिंतीसारखा पांढरा पडला. बाई उठून चित्राजवळ गेली. मग तिने विचारलं, न उडणारा रंग कोणता.

"हिंगूळ. पण दिवसभर घोटावा लागतो."

"कोण घोटणार?"

"मीच."

"मग आधी थोरलीचं एकच करा. ते बघून पुढचं." दारात ती जोसायाकडे वळली. "तुमच्या बहिणीमुळे देतेय हो."

हिंगूळ महाग आणि जोसायाचा खिसा रिकामा. डॉर्कसने वर्षाची मजुरी थंडीतल्या जाड झग्यासाठी साठवली होती. ती घेऊन ती स्वतः रंगवाल्याकडे गेली. कुटलेल्या हिंगुळात स्वस्त शेंदूर मिसळतात, म्हणून अख्खा खडाच मागितला. त्या वर्षी झगा आला नाही. हिंगुळाचा मुठीएवढा खडा आला.