डाव्या दाढेची कॅप

आमची पोस्ट अठरा हजार फुटांवर होती. सहा जणांना एक हट. पहाटे चारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज, सहाला चहा, आठला लिंक पेट्रोल. दोघांनी एका दोरीला बांधून घेऊन शेजारच्या पोस्टपर्यंत जायचं आणि परत यायचं. नाईक दत्ता माझा बडी. दोघंही सातारचे, त्यामुळे भांडणंही अस्सल सातारी. त्याच्या आईच्या पार्सलमध्ये चिक्की असायचीच. थंडीत तिचा दगड व्हायचा, म्हणून आम्ही ती आधी खिशात ऊब देऊन खायचो. मी उतावळा. एका संध्याकाळी तशीच चावली आणि डावी दाढ फुटली.

दत्ता पोट धरून हसला. "आईला कळवतो. तिच्या चिक्कीनं एक जवान जखमी!"

सकाळी गाल टम्म सुजला होता. त्या दिवशी पेट्रोलची पाळी माझी आणि हटमधल्या आणखी एका जवानाची होती. सुभेदार साहेबांनी एकदा पाहिलं.

"रेशनच्या हेलिकॉप्टरनं बेसला जा. पेट्रोलला तुझ्या जागी दत्ता."

"येस सर," आम्ही दोघंही म्हणालो.

दहा-चाळीसला मी बेसवर सिग्नलच्या तंबूबाहेर गाल धरून बसलो होतो. आत वायरलेस सेट बोलत होता. "लिंक पेट्रोल, पोझिशन सांगा, ओव्हर." तीनदा विचारलं. मग खरखरत उत्तर आलं, "दत्ता बर्फाच्या भेगेत पडलाय, ओव्हर." दुपारी चार-दहाला त्याला वर काढलं. तो गेला होता.

माझी दाढ मात्र वाचली. रूट कॅनल झालं, वर कॅप बसली.

पेन्शनवर आल्यापासून मी कामोठ्यात राहतो, महाप्याच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. दत्ताची आई तुर्भ्याला लेकीकडे असतात. दत्ता गेला त्या तारखेला दरवर्षी सकाळी दहाला मी तिथे हजर. त्या चिक्की करतात आणि पहिला तुकडा मला देतात. त्या पेट्रोलची पाळी माझी होती, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

यंदा पहिल्याच घासाला कॅप निघाली आणि चिक्कीला चिकटून हातात आली. मी ती रुमालात लपवली. फौजी माणूस तक्रार करत नाही, जुगाड करतो. खिशात गेटवरच्या झटपट गोंदाची ट्यूब होती. चूळ भरायच्या निमित्तानं मोरीत गेलो, ट्यूबचं झाकण उघडलं. मागून आईंचा आवाज आला.

"आरं शंकर, त्यानं आमी चपला चिकटवतो. दातात घालतूस व्हय?"

त्यांनी मला तिथूनच दाताच्या डॉक्टरबाईंना फोन करायला लावला. बाईंचा आवाज कमांडरचा.

"कॅप सापडली का? गिळली नाही ना?"

"हातात आहे."

"घरचा गोंद लावायचा नाही, हिरडी भाजेल आणि कॅप वाया जाईल. साध्या पाण्यानं धुवा, डबीत ठेवा. नुसती टेकवून फिरू नका, घशात जाईल. त्या बाजूनं चावू नका. पाचला या, कॅप घेऊन."

"रॉजर," माझ्या तोंडून गेलं.

आईंनी मिश्रीची रिकामी डबी धुऊन पुसून दिली. मी कॅप तिच्यात ठेवली.

"ही कवा बसवलीस?" त्यांनी सहज विचारलं.

मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो. खरंच राहिलो. मग सगळं सांगितलं. दाढ, सूज, साहेबांचा हुकूम. "आई, त्या दिवशी दोरीला मी असायला हवा होतो."

त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावून ती माझ्या हातात दिली. आता मला जा म्हणतील, असं वाटलं. मग उठून आत गेल्या. खलबत्त्याचा आवाज आला. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि हातातल्या वाटीत चिक्कीचा भुगा होता.

"उजव्या अंगानं खा," त्या म्हणाल्या. "आन् डाक्तरकडं येळंवर जा. फुडल्या वर्साला बी यायचंय तुला."

मी वाटी संपवली. रडू आलं, तेही आवरलं नाही.

पाचला डॉक्टरबाईंनी दाढ तपासली, साफ केली आणि तीच कॅप पुन्हा बसवली. डबी मी आईंना परत केली नाही. ती माझ्या मेडलशेजारी आहे.

पोस्टच्या रजिस्टरात त्या दिवसाच्या पेट्रोलपुढे आधी माझं नाव होतं. ते एका रेघेनं खोडून वर लिहिलं होतं, नाईक दत्ता. मी शेवटचं पाहिलं तेव्हा दोन्ही नावं वाचता येत होती.