कुमुद पोटभर का जेवली नाही

फोन आला तेव्हा मी कुमुदच्या डब्यात मऊ भात भरत होते. वर तुपाची धार सोडली होती, तिला आवडत नाही हे माहीत असूनही. दवाखान्यात कुणाशी वाद घालायची ताकद तिच्यात उरली नव्हती, तेव्हा निदान तिथं तरी मुकाट्यानं खाईल, अशी आपली माझी आशा. फोन माझ्या मुलानं घेतला. नुसतं "हां… अच्छा… हां" म्हणाला, आणि जवळ येऊन माझ्या हातातला डाव काढून घेतला. मग म्हणाला, "आई, मावशी गेली." दिलसुखनगरहून हिमायतनगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्या बिचाऱ्याला रिक्षात एकच गोष्ट विचारत होते, काल तर ती माझ्याशी चांगली तासभर बोलली, मग असं कसं झालं?

आता दीड-दोन महिने होत आले. भेटायला आलेली माणसं म्हणायची, वय झालं होतं हो. मला असा संताप यायचा! कसलं वय? मी तिची थोरली बहीण. मी अजून खाली मांडी घालून बसते आणि कशाचा आधार न घेता उठते. कुमुद जिन्यावरून पडली नव्हती की न्हाणीत घसरली नव्हती. सकाळी पलंगावरून उठली, पाय जमिनीला टेकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पडून राहावं लागलं, छातीत कफ भरला आणि गेली. हाडं आतून पोकळ झाली होती तिची, आणि ती काही म्हातारपणात झाली नव्हती. हे कुणीतरी लिहायला हवं होतं. कुमुद गणिताची बाई, तिनं स्वतःबद्दल कधी चार ओळी लिहिल्या नसत्या. म्हणून चौथी पास असलेली मी लिहितेय. हसायचं तर हसा.

आम्ही गौलीगुड्यात राहत होतो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, रेव्हेन्यू खात्यात कारकून. सगळा कारभार उर्दूत, घरी येऊन बोलायचे मराठी, आणि रागावले की पुन्हा उर्दू. घराच्या मागच्या भिंतीला लागून गवळ्याच्या म्हशी. मी लहानपणी भारी खादाड. सकाळी पितळी पेला घेऊन गोठ्यात जायचं आणि धार काढता काढता तिथंच दूध प्यायचं, तोंडाला फेस लावून घरी यायचं. आईला माझं कौतुक होतं. पोरगी कशी अंगानं भरलीय, म्हणायची. दहावं सरायच्या आत मी शहाणी झाले आणि ते कौतुक एका दिवसात आटलं.

मला काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. लागलं असेल म्हणून मी हळद मागायला गेले, तर आईनं आधी दार लावून घेतलं. पलीकडच्या तेलुगू घरात मुलगी मोठी झाली की मांडव घालायचे, ओटी भरायचे, साऱ्या गल्लीला जेवण. आमच्याकडे उलटं. आईनं मला माजघराच्या कोपऱ्यात बसवलं आणि विचारायला येईल त्याला सांगितलं, ताप आलाय. ताप उतरला तोवर माझं परकर-पोलकं ट्रंकेत गेलं होतं आणि अंगावर लुगडं आलं होतं. शाळा बंद. मास्तरीणबाई एकदा घरी येऊन गेल्या, त्यांनाही आईनं चहा पाजून वाटेला लावलं. एवढ्या लहान वयात असं झालेली पोर रस्त्यानं पाठवायची म्हणजे लोक काय म्हणतील, हीच एक धास्ती तिला होती.

त्यात ते दिवस असे. निजामाचं राज्य गेलं होतं, आता त्याच्या मुलखाचे तीन तुकडे होणार, मराठवाडा मुंबईला जोडणार, आणि सरकारी नोकरांच्या वाटण्या होणार. अण्णांनी औरंगाबाद मागितलं होतं. घरात भांडी अर्धी बांधलेली, अर्धी सोडलेली. जो येईल तो तेच बोलायचा, तुम्ही कुठं, आम्ही कुठं. आईला वाटायचं, नव्या गावी कोण ओळखतंय आपल्याला, त्याआधीच इथल्या माणसांत पोरीचं बघून टाकावं. आणि या सगळ्याचा दोष गेला कुणाला, तर म्हशीच्या दुधाला. धारोष्ण दूध भोवलं, असं आई येईल त्या बाईला कुजबुजत सांगायची. तूप, गूळ, दूध, शेंगदाणे, सगळं उष्ण आणि सगळं वैरी. माझं व्हायचं ते झालं होतं, त्यामुळे मला सगळं वाढायची. पण कुमुद सात वर्षांची होती, आणि तिला वाचवायचं होतं.

तेव्हापासून कुमुदच्या पानात कोरडी भाकरी, पातळ वरण आणि ताक. आई दुष्ट नव्हती. ताटावर बसलेल्या लेकीकडे बघताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते मी पाहिलंय. कुमुद मागेल तेवढी भाकरी द्यायला आईची ना नव्हती, नुसतं अंगी लागेल असं काही द्यायचं नव्हतं. पण कुमुद हुशार. आईनं नेम धरला पोषणावर, कुमुदनं नेम धरला अन्नावरच. दूध-तुपानं मोठं होतात, तर भाकरीनंही थोडं होत असणारच, असा तिनं हिशोब लावला. ती अर्धी भाकरी खायची आणि अर्धी पोलक्यात घालून मागच्या भिंतीकडे जायची. गवळ्याकडे तेव्हा एक पारडू होतं. त्या पारडाचं अंग नुसतं तुकतुकीत झालं होतं, गवळी खूष.

एक दिवस मी तिला तिथं धरलं. भूक नाही का गं, विचारलं. खूप आहे म्हणाली. मग खात का नाहीस? पारडाच्या तोंडात तुकडा सरकवत ती म्हणाली, "अक्का, मला तुझ्यासारखं व्हायचं नाही." सात-आठ वर्षांची पोर, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला असं झोंबलं म्हणता! मी फणकाऱ्यानं आत गेले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला शाळेत शिकवलेला भागाकार पाटीवर करून दाखवला, तेव्हा आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

मुलखाची वाटणी झाली. अण्णांना औरंगाबाद मिळालं नाही, आम्ही इथंच राहिलो. गल्लीतली कितीतरी मराठी बिऱ्हाडं टांग्यात सामान घालून स्टेशनवर गेली. कुमुदच्या वर्गातल्या मुली गळत गेल्या, ती मात्र बसायची त्याच जागी बसत राहिली. पंधरावं लागता लागता माझं लग्न झालं. माहेरपणाला आले की तिच्याकडे बघवायचं नाही. मनगटं काडीसारखी, केस विरळ, प्रार्थनेला उभी राहिली की चक्कर यायची. आईनं एव्हाना हात टेकले होते. ती आता उलट आग्रह करू लागली होती, खा गं बाई, दूध पी. कुमुद ऐकून घ्यायची आणि ताट पुढे सरकवायची. तिच्या वयाच्या मुली एकेक करून घरी बसल्या. ही मॅट्रिक झाली, कॉलेजात गेली. अठरा पूर्ण झाल्यावर तिला पाळी आली. मी बाळंतपणाला आले होते, तेव्हा मला बाजूला घेऊन तिनं सांगितलं. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. म्हणाली, "आता येऊ दे. आता कोण काढतंय मला कॉलेजातून!"

मी तिला मिठी मारली आणि रडले. आनंदानं रडले असं तिला वाटलं. पुढे लग्नासाठी मुलं बघायला बोलावली, त्यांना ही हडकुळी वाटली. तिला त्याचं काही नव्हतं. मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवलं, हिमायतनगरात घर घेतलं, मला ग्रंथालयातून मराठी पुस्तकं आणून द्यायची, आणि वाचलं का म्हणून परीक्षाही घ्यायची. शाळेत तिचा एक दरारा होता. मधल्या सुट्टीत ही वर्गात उभी राहायची आणि मुलींचे डबे बघायची. डबा संपला नाही तर तासाला बसायचं नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तर शाळेच्या प्राथमिकमधल्या तिसरी-चौथीतल्या मुलींनाही पाळी येते म्हणून आया घाबऱ्या होऊन यायच्या. कुणी कोंबडी बंद केलेली, कुणी दूध, कुणी दोन्ही. कुमुद त्यांना खुर्चीवर बसवून अशी झाडायची की त्या बायका पुन्हा शाळेत यायला धजत नसत. पोर कशानं लवकर मोठी झाली ते डॉक्टरला विचारा, तिला उपाशी कशाला मारता, हे तिचं वाक्य. आणि मग घरी येऊन स्वतः उभ्या उभ्या अर्धी पोळी खायची. मी बोलले तर म्हणायची, सवय झाली गं, आता पोटात जागाच नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण तिची माहिती विचारत होती. पहिली पाळी कितव्या वर्षी, म्हणून विचारलं. कुमुदला धड श्वास घेता येत नव्हता, तरी ती उशीवरून मान उचलून म्हणाली, "अठरा पूर्ण." बोर्डात आल्यासारखं सांगितलं हो! डॉक्टरणीनं ते लिहून घेतलं. लहानपणी काही मोठं आजारपण होतं का, विचारलं. कुमुद नाही म्हणाली. नंतर त्या मुलीनं मला बाहेर बोलावून समजावलं, की हाडं भरायची ती वयात येतानाच, तेव्हा राहिलं ते मागाहून भरत नाही. मी हौ-हौ केलं. मला ती सांगतेय ते नवीन नव्हतं, फक्त इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशीची गोष्ट सांगते आणि थांबते. यंदा पुन्हा इथल्या राज्याची वाटणी झाली, एकाची दोन राज्यं झाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दवाखान्यातल्या एका नर्सचा नवरा सरकारी कारकून. कुठल्या राज्यात टाकतील त्याचा पत्ता नाही, म्हणून त्यांनी मुलीला यंदा शाळेतच घातलं नव्हतं. सलाईन बदलता बदलता ती सांगत होती, "उनो बोले, एक बार सब सेट हो गया तो बच्ची को स्कूल में डालते." कुमुदनं तिचा हात धरला आणि तिला बजावलं, सेट होण्याची वाट बघू नको, उद्याच्या उद्या घाल. नर्स हसून हो म्हणाली आणि गेली.

मग कुमुद मला म्हणाली, "अक्का, अण्णा पण तुला असंच म्हणाले होते."

मी विचारलं, कधी? मला काहीच आठवेना. तिनं सांगितलं, माझी शाळा बंद केली त्या आठवड्यात अण्णांनी मला जवळ बसवलं होतं. वाटणीचं एकदा ठरू दे, घडी बसू दे, मग तुला परत शाळेत घालतो, असं ते म्हणाले होते. ती दाराआड उभी होती. मी "बरं" म्हटलं आणि विळी घेऊन भाजी चिरायला बसले. हे तिला सात वर्षांची असताना ऐकलेलं जसंच्या तसं पाठ होतं. राज्याची घडी बसली, अण्णांची बसली, माझ्या शाळेचं पुढे कुणी नाव काढलं नाही. मीसुद्धा नाही.

"मला पण सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "अकरा-बारा वर्षांची असेन. म्हणाले, कुमे, काही झालं तरी तुझी शाळा सुटणार नाही, माझा शब्द आहे. तू फक्त नीट जेवत जा."

मी तिला म्हटलं, "अगं मग का नाही जेवलीस?"

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "तुला पण शब्द दिला होता ना, अक्का," म्हणाली.

मग तिला खोकल्याची उबळ आली आणि नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं. संध्याकाळी मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि उद्या मऊ भात आणते म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं तेच.

अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता भांडायचं तरी कुणाशी? ते शब्द मोडणारे नव्हते हो, कुमुदला दिलेला पाळलाच ना त्यांनी. ती पोटभर जेवली असती तरी शाळेत राहिलीच असती. पण हे तिनं कशाच्या भरवशावर मानायचं होतं? तिच्यापुढे दाखला एकच होता, आणि तो लुगडं नेसून भाजी चिरत बसला होता.

तिचं घर अजून आवरलेलं नाही. मुलगा म्हणतो, हळूहळू करू. मी दर मंगळवारी हिमायतनगरला जाते, खिडक्या उघडते, केर काढते. पुढच्या खोलीत ती संध्याकाळी मुलींना फुकट गणित शिकवायची. तिथं तिची वेताची खुर्ची आहे, भिंतीवर काळा फळा आहे, आणि समोर मुलींचं एक लांब बाक आहे. फळ्यावर तिच्या अक्षरातलं अर्धवट गणित तसंच आहे. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण मी ते पुसू देत नाही. केर काढून झाला की मी थोडा वेळ बसते. खुर्चीत बसत नाही, मुलींच्या बाकावर बसते.