वाटाण्याएवढी गाठ

“लहान हाय ना? मंग बस, डॉक्टर,” म्हणत काशिनाथभाऊ खुर्चीतून उठलेसुद्धा.

भिवंडीजवळच्या कोन गावात त्यांचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग. खोकला जाईना म्हणून त्यांच्या बायकोने, जनाबाईंनी, त्यांना धरूनच माझ्या भिवंडीच्या क्लिनिकमध्ये आणलं होतं. मी छातीचा डॉक्टर. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, फुप्फुसात ‘नोड्यूल’. वाटाण्याएवढा.

तो शब्द ऐकून दोघांचे चेहरे उतरले होते. मला लॅटिनची हौस. म्हटलं, जरा धीर द्यावा. “नोडस म्हणजे गाठ. त्याला ‘उलस’ प्रत्यय लावला की नोड्युलस, छोटीशी गाठ. आपल्याकडे डबा लहान झाला की डबी होते, पुल्लिंगाचं स्त्रीलिंग. लॅटिनमध्ये तसं नाही. मूळ शब्द पुल्लिंगी, तर लहानगाही पुल्लिंगीच.” जनाबाई हसल्या. मीही खूश झालो.

मग उठलेल्या काशिनाथभाऊंना म्हटलं, “तीन महिन्यांनी परत स्कॅन करू. वाढत तर नाही ना, बघायला हवं.”

“हो, चालू बीम संपला का येतो.”

बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा भला मोठा रूळ. लूमवाल्यांची रीत अशी, की बारीक खराबीसाठी चालत्या बीमला हात लावायचा नाही, तो उतरला की दुरुस्ती. इतकी वर्षं भिवंडीत काढून मला हे ठाऊक होतं. तरी मी मान डोलावली.

एक बीम उतरला, दुसरा चढला, मग तिसरा. मीही फोन केला नाही.

दीड वर्षाने ते आले, तेव्हा जिना चढूनच धाप लागली होती. गाठ लिंबाएवढी झाली होती. तुकडा काढून तपासला. कॅन्सर. तो यकृतापर्यंत पसरला होता, ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

जनाबाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुमी डबीचा सांगितला तवा मना वाटला, देवाने वाचवला.”

नोड्यूल हा शब्द फक्त आकार सांगतो, पुढचं काहीच सांगत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत होतं. व्याकरणाला मी पाच मिनिटं दिली आणि तीन महिन्यांच्या तपासणीला दोन वाक्यं. काशिनाथभाऊ त्या वर्षीची दिवाळी पाहू शकले नाहीत. ही सल जात नाही.

हल्ली मी लॅटिन सांगत नाही. पुढची तारीख पेशंटच्याच तोंडून वदवून घेतो. लूमवाला असेल तर म्हणतो, बीम अर्धा राहू दे, पण या. कोणी आलं नाही, तर फोन मी स्वतः करतो. जनाबाईंचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. तो लावायचं धाडस मात्र होत नाही.