दोन्ही सांगून गेलेले सांडूकाका

सांडूकाका गेल्याचं मला पाऊण तास उशिरा कळलं, आणि त्याला कारण त्यांचाच नियम. शिकवणीच्या गाडीत बसलं की फोन समोरच्या कप्प्यात टाकायचा आणि तास संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी शाळेतल्या एक बाई रिव्हर्स शिकत होत्या. आरशात बघायचं आणि मान वळवूनही बघायचं, हे दोन्ही त्यांना एकदम जमत नव्हतं, आणि कप्प्यात फोन थरथरत होता. मी नियम पाळला. बाईंना उस्मानपुऱ्यात त्यांच्या दाराशी सोडून फोन काढला, तर पप्पांचे सहा कॉल. "प्रज्ञा, सांडूकाका गेले गं..." काका दोन दिवसांपूर्वी गंगापूरजवळच्या आपल्या गावी भाचीच्या लग्नाला गेले होते. दुपारी जेवले, बाजेवर आडवे झाले, आणि चहाला उठवायला गेले तर उठलेच नाहीत. मी "बरं" म्हटलं. खरंच, "बरं" एवढंच म्हटलं. फोन ठेवून पुढच्या बाईंना आणायला निघाले, कारण सव्वापाचला त्यांचा तास होता. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि मला कळेना, मी इथं कशाला आले आहे.

याला आता दीड महिना झाला. काका माझे नात्याचे कोणी नव्हते. आमच्या समोरच्या घरात राहायचे. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी लहान गाडी घेतली, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादाचा क्लच आणि ब्रेक बसवून घेतला आणि बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला. फक्त बायकांसाठी का, तर "पुरुष शिकाया येत नाय, दाखवाया येत्यात." सांडू हे नाव त्यांच्या आजीनं ठेवलेलं. आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून या तिसऱ्याला टाकाऊ नाव, म्हणजे मरणाचं लक्ष जाणार नाही. "फसलं की ते मरण," असं सांगून काका स्वतःच हसायचे. बारावीनंतर मी त्यांच्याकडे गाडी शिकले. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या पोरांना सोडून त्यांनी क्लास आणि गाडी माझ्या हवाली केली, रीतसर माझ्या नावावर करून दिली. सकाळी मी लॉ कॉलेजात असते, दुपारी तीन ते सात गाडीत. माझी फी, पुस्तकं, सगळं त्या गाडीतून निघतं. माझ्या वयाच्या मुली गाडीतून कॉलेजला जातात, मला गाडीच कॉलेजला पाठवते.

गाडी माझ्या हातात आली तरी काका सुटले नाहीत. ऑपरेशन झाल्यावर ते मागच्या सीटवर येऊन बसू लागले. एसटीची सवय अशी मुरलेली, की "चला", "थांबा" हे शब्द त्यांच्या तोंडून यायचेच नाहीत. मागून टपावर बोटांनी दोनदा टकटक केलं की निघायचं, एकदा केलं की थांबायचं. डबल बेल आणि सिंगल बेल. शिकणारणीच्या हातात गाडी बसली आहे का, हे ओळखायची त्यांची खूण याहून सोपी होती. मागच्या सीटवर त्यांचा डोळा लागला की बाई पास. कित्येक जणी घरी जाऊन आनंदानं सांगायच्या, "आज काका झोपले!" या डबल बेलनं एकदा आमची चांगलीच फजिती केली. पोस्टातल्या एक ताई लायसन्सच्या टेस्टला बसल्या. शेजारी परीक्षा घेणारे साहेब. साहेब म्हणाले, "चला, घ्या गाडी." ताई स्टिअरिंग धरून शांत. साहेब पुन्हा म्हणाले. ताई शांतच. शेवटी साहेब चिडले, तशा त्या म्हणाल्या, "अहो सर, तुम्ही डबल दिलीच नाही." जवळच झाडाखाली उभ्या असलेल्या काकांनी ते ऐकून कपाळावर हात मारला, आणि मग तोंडाला रुमाल लावून इतके हसले, की त्यांना खाली बसावं लागलं. ताई दुसऱ्या वेळी पास झाल्या.

तर ही गाडी... गेल्या वर्षभरापासून ती मला छळते आहे. क्लच घसरतो, चढावर ती दम खाते, आणि स्टिअरिंग एवढं जड, की तासभर शिकवलं की शिकणारणीचे खांदे दुखतात आणि बघून बघून माझे. हल्ली येणाऱ्या बायकांच्या घरी नव्या गाड्या असतात, एका बोटानं वळणाऱ्या. त्या पहिल्याच दिवशी विचारतात, "याला पॉवर स्टिअरिंग नाही?" आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्लासला जातात. त्यात पुढच्या महिन्यात गाडी आरटीओत पासिंगला न्यायची आहे. मार्ग दोनच. एक तर हिचं इंजिन खोलायचं, क्लच बदलायचा, पॉवर स्टिअरिंग बसवून घ्यायचं. नाहीतर ही देऊन टाकून बऱ्यापैकी नवी सेकंडहँड गाडी घ्यायची. काहीतरी एकच होईल, आणि चुकलं तर दुसऱ्यांदा काही करायची माझी ऐपत नाही. क्लास बंद पडला तर कॉलेजही बंद, एवढा सरळ हिशोब आहे.

मी अर्थातच काकांना विचारलं. क्रांती चौकातल्या सिग्नलला थांबलो होतो. मागून आवाज आला, "ठेव. हिच्यावर जी शिकली ती ट्रक बी चालवील." मी निश्चिंत झाले. पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून आम्ही दोघं आत बघत होतो, तर म्हणाले, "दे टाकून. लोखंड हाय, सोयरीक हाय का?" मी म्हटलं, "काका, त्या दिवशी तर ठेव म्हणालात." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच शब्द फिरवला. "व्हय, मग? ठेवण्यासारखी हायच ती." पुन्हा विचारलं की पुन्हा तिसरंच काही. मला वाटायचं, जाणता माणूस आहे, यात काहीतरी मेख असणार. मला माझं मी ठरवायला लावताहेत. जुनी माणसं अशीच आडवळणानं शिकवतात, असं आपण कुठंकुठं ऐकलेलं असतं ना.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात वंदना झाली, दोघंतिघं काकांबद्दल बोलले, आणि जेवणाच्या पंगतीत मी भात वाढत होते. रहीमभाई जवळ आले. आमच्या गाडीला गेली दहा वर्षं तेच हात लावतात. डोळे पुसत म्हणाले, "बेटा, चाचा ने इस्टेरिंग का सामान मंगाए थे तेरी गाडी के वास्ते. आ गया है. बोल, कब लगाना?" मला भरून आलं. म्हणजे काकांनी ठरवलं होतं तर! ठेवायची. माझ्या छातीवरचा दगडच उतरला. भाताचं पातेलं घेऊन मी पुढच्या ओळीत गेले, तर तिथं गंगापूरचे एक गृहस्थ बसलेले, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे. ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "तूच का प्रज्ञा? सांडूदादांनी तुझ्यासाठी गाडी बघाया सांगितली व्हती. लग्नात भेटले तवा बी आठवण केली. बघून ठेवलीय, एकच हात फिरलेली. तुझी जुनी मी घेतो, काळजी नको करू." मी पातेलं हातात धरून उभी. म्हणजे गावाला जाण्याआधी रहीमभाईंना सामान सांगितलं, आणि गावाला जाऊन यांना नव्या गाडीची आठवण!

तेव्हापासून मी नुसती भिरभिरते आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कायद्याच्या वर्गात साक्षीपुराव्याचा तास चालू असतो आणि मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडून बसलेली असते. दोन्ही बाजूंचा पुरावा तुल्यबळ, दोन्ही साक्षीदार खरे बोलणारे, आणि ज्याला विचारायचं तोच नाही. शेवटचं कोणाला सांगितलं, ते धरायचं का? मग गाडी विकायची. की वस्तू प्रत्यक्ष मागवली, ते धरायचं? मग ठेवायची. पप्पा म्हणतात, बदल. आई म्हणते, काकांची आठवण आहे, ठेव. मैत्रीण म्हणते, नाणं उडव. मी उडवलं, आणि नाणं हातात झेलून बघितलंच नाही. काकांचा रागही यायचा. माणसानं जाताना एक तरी धड सांगून जावं!

शेवटी मी काकूंना विचारायला गेले. काकू स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, आणि काका गेल्यापासून पहिल्यांदाच त्या हसल्या. "अगं बाई, तू त्यांना विचारलंस? त्यांना? लुगडं घ्याया गेले तर दोन उचलून आणायचे आन दुसऱ्या दिवशी मला एक परत कराया धाडायचे. कंच्या शाळेत पोराला घालायचं, कंच्या डॉक्टरकडं जायचं, कधी ठरवता आलं नाय त्यांना." मी म्हटलं, "पण काकू, रस्त्यावर तर केवढे ठाम असायचे." काकू म्हणाल्या, "रस्त्याचं काय! डेपोत गंगापूरची पाटी लावली की गंगापूर, पैठणची लावली की पैठण. घरी पाटी कोण लावणार? मीच लावायची." मग निवडायची थांबून म्हणाल्या, "झोप नव्हती तुझ्यापायी त्यांना. रात्रभर म्हनायचे, पोरीला चुकीचं सांगितलं तर तिचं शिक्षान जाईल. ठेव म्हनावं का दे म्हनावं... लई घाबरले व्हते."

वर्षभर मी ज्यांच्या बोलण्यातली मेख शोधत होते, ते बिचारे माझ्याइतकेच गोंधळले होते. फक्त माझ्या काळजीनं. एवढं हसू आलं आणि एवढं रडू, की आधी काय करावं ते कळेना. काकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं, आणि मेथीच्या काड्या गोळा करता करता खाली बघून म्हणाल्या, "तुझं ठरंल तवा ठरंल. मला शिकवतीस का?"

"काय?"

"गाडी."

अर्ध्या शहरातल्या बायकांना शिकवलेल्या माणसाची बायको चाळीस वर्षं भाजीची पिशवी घेऊन चालत येत-जात होती, आणि हे माझ्या, आमच्या कुणाच्याच कधी ध्यानात आलं नव्हतं. "काकांना कधी म्हणाला नाहीत?" मी विचारलं. "मला वाटायचं, ते विचारतील. त्यांना वाटत आसंल, ही म्हनंल..." त्या क्षणी मला काकांचा जेवढा राग आला, तेवढा कधी आला नव्हता. अजूनही आहे थोडा. माणूस गेला म्हणून सगळंच गोड मानून घ्यायचं, हे मला जमत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या रागात माझाही वाटा आहे. मीसुद्धा तीन वर्षं रोज त्यांच्या दारातून गाडी काढत होते.

आता रोज सकाळी सहाला, कॉलेजच्या आधी, मी आणि काकू शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर जातो. काकू साडीवर नातवाचे बूट घालतात, पाठीमागे उशी घेतात. स्टिअरिंग जड आहे म्हटलं, तर म्हणाल्या, "जात्यापरीस हलकं हाय." गाडी बंद पडली की त्या गाडीलाच रागावतात, आणि कुत्रं आडवं आलं की हॉर्न न वाजवता "बाजूला हो रं बाबा" म्हणतात. क्लच घसरतो तो त्यांना बरोबर कळतो, कुठं सोडायचा ते त्यांच्या पायानं या गाडीपुरतं शिकून घेतलंय. गंगापूरच्या गृहस्थांचा दर सोमवारी फोन येतो. रहीमभाईंच्या दुकानात स्टिअरिंगचं सामान पडून आहे. दोघांनाही मी एकच सांगते, की एक बाई अर्ध्यात आहेत. शिकणारी अर्ध्यात असताना गाडी बदलत नाहीत आणि खोलतही नाहीत. दोघांनाही ते पटतं. पासिंगची तारीख जवळ येते आहे, माझं तर काहीच ठरलेलं नाही.

काकू हुशार आहेत. पहिला गिअर दोन दिवसांत आला, दुसरा चौथ्या दिवशी. तिसऱ्यावर मात्र पंधरा दिवस झाले, गाडी अडकली आहे. काल रस्ता पुढं लांबपर्यंत रिकामा होता, गाडी छान लयीत होती, इंजिन वरचा गिअर मागत होतं. मी म्हटलं, "काकू, आता चौथा टाका." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हटलं. रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "नाय. चौथा पडला, म्हंजी मला गाडी आली. मग तू ही गाडी इकशील."