मागच्या सीटसाठी क्लच

बायकोनं माझ्या मोटारसायकलवर बसणं सोडलं ते क्लचमुळं. आम्ही दोघं नांदेडहून लातूरला निघालो होतो. अहमदपूरच्या अलीकडं एका कंटेनरला ओव्हरटेक करायला मी गाडी बाहेर काढली. समोरून बस येताना दिसली, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर पिळला. हजार सीसीचं इंजिन किंचाळलं, पण गाडीचा वेग तसूभरही वाढला नाही. बसच्या ड्रायव्हरनं बस मातीत उतरवली म्हणून आम्ही वाचलो. पुढच्या धाब्यावर ती उतरली आणि हेल्मेट माझ्या हातात देऊन म्हणाली, "मी एसटीनं जाते. हे नीट झालंय असं मला पटेपर्यंत मागं बस म्हणू नका."

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. घरात आमचं बोलणं भाजी, पोरांचा अभ्यास आणि गॅस सिलिंडर यापलीकडं जात नाही. गाडीवर मात्र ती मागून माझ्या कानाशी ओरडून मनातलं सगळं सांगते. मीही ओरडून उत्तरं देतो. त्या प्रकारानंतर मी एकटाच जायला लागलो आणि मला अजिबात करमेना. हे मी तिला बोललो नाही, इथं सांगतोय.

क्लच घसरतोय एवढं कळत होतं. क्लचमध्ये गोल प्लेटांची चळत असते, स्प्रिंगा तिला दाबून धरतात आणि त्या दाबानं इंजिनाचा जोर चाकाकडं जातो. प्लेटांची पकड सुटली की इंजिन नुसतंच ओरडतं. मी अकरावीला घर्षण शिकवतो, तेव्हा यात काय अवघड आहे, असं मला वाटलं होतं. घोडं अडलं ते नवा क्लच कोणता घ्यायचा यावर.

माझा नांदेडचा मेकॅनिक म्हणाला, "सर, कंपनीचाच टाका. लई डोकं लावू नका." वर्षातून दोनदा मी गाडी चेन्नईकडच्या रेसिंगच्या ट्रॅकवर नेतो. सोबत येणारा लातूरचा मित्र म्हणाला, "कंपनीच्या प्लेटा ट्रॅकवर जळून जातात. धातूच्या प्लेटा घे, कडक स्प्रिंगा घे." कडक स्प्रिंगा घेतल्या तर नांदेडात वजिराबादच्या गर्दीत लिव्हर दाबून दाबून डावा हात कामातून जाणार. धातूच्या प्लेटा एकदम पकडतात, गाडी हिसका देऊन सुटते आणि मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या डोक्यावर आपटतं. ट्रॅकवर ते चालतं, कारण तिथं मागं कुणी नसतं. तिसऱ्या एका जातीचा क्लच वळणाआधी भराभर गिअर उतरवले तरी मागचं चाक उडू देत नाही म्हणे. इंटरनेटवर एकानं त्याची आरती ओवाळली होती, तर दुसऱ्यानं त्याला शिव्या घातल्या होत्या. वर्गात मी स्प्रिंगची आकृती काढली आणि मलाच घर्षण जास्त हवंय की कमी, हे सुचेना. मग उगाच पहिल्या बाकावरच्या मुलांवर खेकसलो.

शेवटी मेकॅनिकनं क्लच उघडला. एकेक प्लेट पुसून व्हर्नियरनं मोजली.

"सर, ह्या तर नव्यासारख्या हायत. झिजल्याच न्हाईत."

"मग घसरतंय कशानं?"

"तेच तर कळून न्हाई राहिलं. तेल कोणतं घातलंय?"

"मोटारसायकलचंच! माझ्या हातानं घातलंय!" मी असा ओरडलो, की तो बिचारा पुन्हा प्लेटा पुसायला लागला.

गाडी तशीच उघडी ठेवून त्या रविवारी आम्ही एसटीनं रेणापूरला, माझ्या सासुरवाडीला गेलो. बायको आत आईपाशी गेली. सासरे, म्हणजे तिचे आप्पा, ओसरीवर होते. त्यांनी विचारलं, "गाडी कुठाय, जावईबापू?"

"क्लच गेलाय, मामा."

"आँ? असं कसं व्हईल? धोंड्याच्या म्हैन्यात तुम्ही जेवून झोपल्ता ना, तवाच मी तेल बदलून घेतलं की. ट्रॅक्टरचा मिस्त्री आल्ता. म्या म्हणलं, जावयाच्या गाडीला ऐरंगैरं नको. आपल्या नव्या कारचं घाल. लई भारी तेल हाय ते."

अधिक महिन्यात जावयाला दिलेलं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून ते इतके दिवस गप्प होते. मी म्हणालो, "तेल चांगलंच होतं, मामा."

परसात जाऊन मी मेकॅनिकला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. कारचा क्लच इंजिनच्या तेलात नसतो, आपल्या गाडीचा त्याच तेलात बुडालेला असतो, आणि कारच्या तेलात निसरडेपणासाठी जे घालतात त्यानं प्लेटांची पकड जाते, असं त्यानं मला समजावलं. मला, म्हणजे घर्षणाच्या मास्तरला. प्लेटा धुऊन योग्य तेल घातलं की झालं. नवा क्लच नकोच होता. पुढच्या धोंड्याला जेवून झोपायचं नाही, एवढं मी तिथंच ठरवलं.

पण आता बायकोला काय सांगायचं? आपण मरणाच्या दारात गेलो ते आप्पांच्या तेलामुळं, हे कळलं तर ती त्यांना बोलणार. ते मनाला लावून घेणार आणि पुन्हा माझ्यासाठी कशाला हात लावणार नाहीत. न सांगावं तर नीट झाल्याचं तिला पटणार कसं? आठवडाभर मी वाक्यं जुळवत राहिलो. गाडी घरी आणली त्या सकाळी ती दारात उभी होती. माझ्या तोंडून भलतंच निघालं. "गाडीत दोष नव्हता. चूक माझी. ट्रॅकवरची सवय, क्लच अर्धवट दाबून ठेवतो मी."

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, संपलं, आता ही जन्मात बसत नाही. तर ती आत गेली, हेल्मेट घालून आली आणि मागं बसली.

लातूरच्या रस्त्याला लोह्यापर्यंत मी दम धरला. पुढं मला राहवेना. मी मान वळवून ओरडलो, "गाडी चुकली म्हणून बसत नव्हतीस, आणि मी चुकलो म्हटल्यावर बसलीस?"

ती कानाशी ओरडली, "गाडीला काय बोलणार? तुम्हाला बोलता तरी येतं!"

आणि मग लातूर येईपर्यंत ती मला बोलत होती.