दातांनी दोरा तोडणारी मावशी

पडदा वर जातो. मधोमध एक झुकती खुर्ची, वर लखलखीत दिवा, आणि त्या झोतात, जन्मात पहिल्यांदाच, नाटकमंडळीची शिवणकामवाली मावशी.

चाळीस वर्षं तिनं राजांचे अंगरखे शिवले, राण्यांचे घेर उसवले आणि प्रत्येक दोरा दातांनी तोडला. टाचण्या ओठांत अशा धरायची की नटांना वाटे, हिला त्या तिथंच उगवतात. त्यापायी पुढच्या दातांना खाचा पडल्या. हसू आलं की हात आधी तोंडावर जायचा. आता चालू नाटकाच्या शंभराव्या प्रयोगाला मंडळी तिला रंगमंचावर बोलावणार होती. तिथं तरी हात खाली ठेवून हसायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"आई, व्हिनीअर म्हणजे दाताला अस्तरच की," सून म्हणाली.

"अस्तर आतून असतं गं. हे पातळ कवच वरून डकवायचंय."

दातांच्या डॉक्टरीणबाई हसल्या, पण बोलल्या स्पष्ट. "दात थोडे घासावे लागतील. मग माघार नाही. आणि दोरा, टाचण्या कायमच्या बंद. कवच फुटेल."

मावशीचा चेहरा उतरला. दात म्हणजे तिचा तिसरा हात होता.

डॉक्टरीणबाईंनी दातांवर नुसता तात्पुरता साचा बसवून आरसा दिला. मावशी बघतच राहिली.

"ही मी?"

मग नमुन्यांच्या पट्टीवरून दातांचा रंग निवडायची वेळ आली. सुनेनं सगळ्यात पांढरा उचलला. "आई, हाच! झगमगेल नुसता."

"झगमगायला मी काय झुंबर आहे?" मावशी ती पट्टी घेऊन तडक खिडकीशी गेली. "रंग दिव्याखाली जुळवायचा नसतो." एक नजर, आणि किंचित पिवळसर तुकड्यावर बोट.

डॉक्टरीणबाई थक्क. "मीही हाच काढला होता. मला पंधरा मिनिटं लागली!"

तयार कवचं आली ती नखाएवढी पातळ. उजेडात धरली तर आरपार दिसावं अशी. त्या कारागिरीला मावशीनं हात जोडले.

शंभरावा प्रयोग संपला. सगळे नट एका ओळीत, मधे मावशी. नायक तिच्यापुढे कमरेत वाकला आणि टर्रकन त्याची बाही उसवली. मावशीच्या पदराला सुई होतीच. भरल्या नाट्यगृहासमोर तिनं चार टाके घातले, आणि सवयीनं दोरा धरलेला हात तोंडाकडे निघाला.

विंगेत सुनेनं डोळे मिटले.

हात वाटेतच थांबला. सावकाश खाली आला. मावशी लख्ख, तोंडभर हसली, शेवटच्या रांगेला दिसेल अशी.

"कात्री द्या रे कुणीतरी. हे दात आता हसायला ठेवलेत."